काराएमिशचा जामीन

झिहनी मास्तरांचं झाड देखणं होतं, याबद्दल समुद्रकाठच्या कुझबुर्नू गावात दुमत नव्हतं. गुनेश अपार्टमेंटच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला ते उभं असे. बाराही महिने हिरवंगार, पानं अशी तुकतुकीत की कुणीतरी पहाटे उठून एकेका पानाला तेल चोळलंय असं वाटावं, आणि डोकं वाटोळं. साधं वाटोळं नव्हे, भूमितीच्या वहीतलं वाटोळं. दरवर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मास्तर मेहुण्यानं जर्मनीहून आणलेली लांब पात्यांची कात्री काढत, शिडी लावत, दोरी ताणत आणि झाडाचे केस कापत. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत दर सोमवारी पोरांची नखं आणि डोकी तपासलेला माणूस तो. स्वतःच्या दारातलं झाड पिंजारलेलं राहिलं तर लोक काय म्हणतील? येणारे-जाणारे थांबून म्हणत, "मास्तर, न्हाव्यालासुद्धा असं जमायचं नाही हो." मास्तर फक्त मान हलवत. पण त्या दिवशी घरी नाजियेवहिनींना चहा दोनदा करावा लागे, कारण पहिला ग्लास मास्तर झाडाकडे बघण्यात गार करून टाकत.

एकच गोष्ट होती. झाड काराएमिशचं होतं, आणि काराएमिशला भर उन्हाळ्यात काळ्या चकचकीत फळांचे घोस लागतात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक परसात लागतात. मास्तरांच्या झाडाला मात्र हे कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. आठ वर्षं झाली, एक फळ म्हणून नाही.

दुसरा एखादा माणूस गप्प बसला असता. पण मास्तरांनी आधीच साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. साधं काराएमिश खाल्लं की जीभ टाळ्याला चिकटते, बोलायचं म्हटलं तर पाणी प्यावं लागतं. "पण आमच्या आईचं झाड!" मास्तर म्हणत, आणि डोळे मिटत. आईच्या झाडाचं फळ खाऊन माणूस लगेच पुढचं वाक्य बोलू शके, आणि ते वाक्य बहुधा "अजून एक दे" असंच असे. ते झाड वर दरीतल्या गावात होतं. रस्ता रुंद झाला त्यात गेलं. यंत्र यायच्या दिवशी सकाळी मास्तरांच्या थोरल्या बहिणीनं, हाजेर आब्लानं, त्याची एक फांदी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळली आणि खाली जाणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवली. तीच ही फांदी. तिच्यापलीकडे त्या झाडाचा जगात वंश उरलेला नव्हता, आणि ती चव ओळखणारी माणसंही दोनच उरली होती. एक मास्तर. दुसरी आब्ला, वय वर्षं ब्याऐंशी. तिच्यापुढे एक वाडगाभर फळं ठेवायची आणि ती काय म्हणते ते ऐकायचं, एवढंच मास्तरांच्या मनात होतं. पण दर उन्हाळ्यात फोनवर आब्ला विचारी, "धरलं का रे?" आणि मास्तर हवापाण्याविषयी बोलू लागत.

जानेवारीत इमारतीची वार्षिक सभा भरली. सभा जिन्याखाली भरत असे, पायऱ्यांवर बसून. व्यवस्थापक नेबाहत हानिम, म्हणजे नेबाहतबाई, सगळ्यात खालच्या पायरीवर खुर्ची टाकून बसत. त्यांची उभी हयात नोटरीच्या कचेरीत गेली होती, त्यामुळे त्यांच्यासमोर कुणी "शुभ सकाळ" म्हटलं तरी ते लेखी द्यावं असं माणसाला वाटे. विषय पहिला, लिफ्ट. विषय दुसरा, गच्चीची गळती. विषय तिसरा, गाड्या लावायला जागा.

तिसऱ्या विषयाचे जनक बहरी कप्तान. पंचवीस वर्षं मासेमारीची बोट चालवून ते निवृत्त झाले होते आणि आता त्यांनी एक रुंद गाडी घेतली होती. ती लावायची म्हणजे बोट धक्क्याला लावल्यासारखी तीन माणसं आरडाओरडा करायला लागत.

"ते झाड काढलं की दोन गाड्या आरामात मावतात," कप्तान म्हणाले. "मी दोरीनं मोजलंय."

"ते फळझाड आहे," मास्तर म्हणाले.

"फळ देतं का?" नेबाहत हानिमनी लेखणी उचलली.

"देईल."

"'देईल' असं इतिवृत्तात घालता येत नाही, मास्तर. देतं की देत नाही?"

"मास्तर, आठ वर्षांत माझ्या बोटीवरच्या मांजरीला पतवंडं झाली," कप्तान म्हणाले, आणि पायऱ्या हसल्या.

अपमान अंगावर घ्यायची मास्तरांना सवय नव्हती. शाळेत ते उभे राहिले की वर्ग बसे. इथे ते उभे राहिले आणि दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "बसा हो मास्तर, मागचं दिसत नाही." शेवटी ठराव झाला. ऑगस्टपर्यंत, म्हणजे हेझलनट झोडपायच्या दिवसांपर्यंत, झाडाला फळ दिसलं तर झाड. नाही तर गाड्या.

यानंतर सगळी इमारत मास्तरांच्या मदतीला धावली, हे मास्तरांचं खरं दुर्दैव. ज्यांनी ठरावाला हात वर केले होते तेच आता जिन्यात गाठून उपाय सांगू लागले. दातांचे डॉक्टर म्हणाले, खोडात लोखंडी खिळा ठोका, झाडाला लोह मिळतं. मास्तरांनी ठोकला. खिळ्याच्या डोक्याला अडकून कप्तानांची विजार फाटली, तो वेगळा खटला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, चहाचा चोथा घाला. आता आमच्या किनाऱ्यावर चहाचा चोथा ही काही दुर्मिळ वस्तू नाही. आठवडाभरात झाडाभोवती घोटाभर काळा चिखल झाला आणि पोस्टमन त्यात बूट सोडून गेला.

मग मासळी बाजारातल्या एकानं सांगितलं, "हामसी पुरा." हामसी म्हणजे हिवाळ्यातली आमची बोटभर लांबीची मासळी, आम्ही ती तळतो, भातात घालतो, भाकरीत घालतो आणि उरली तर खरोखरच शेतात घालतो. मास्तरांनी एक अख्खी पेटी आणली आणि झाडाभोवती गोल चर खणून, मासे ओळीनं, सगळ्यांची तोंडं एका दिशेला करून पुरले. नाजियेवहिनी गॅलरीतून बघत होत्या.

"अहो, हजेरीपण घेताय का त्यांची?"

हजेरी दुसऱ्या दिवशी मांजरांनी घेतली. कुझबुर्नूतली मांजरं तर होतीच, पण वाऱ्यानं ज्या ज्या गावाला बातमी गेली तिथलीही आली. त्यांनी चर उकरला, मासे खाल्ले, आणि जेवणानंतर जे करायचं ते नेबाहत हानिमच्या पायपुसण्यावर केलं. मास्तरांना लेखी समज मिळाली. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना समज दिली होती. आता कागद हातात धरून ते दोनदा वाचत उभे राहिले, आणि त्यातल्या व्याकरणाच्या दोन चुका लाल पेनानं दुरुस्त करून त्यांनी तो परत पाठवला.

एप्रिल आला. सगळ्या परसांतल्या काराएमिशांवर पांढऱ्या फुलांचे तुरे मेणबत्त्यांसारखे उभे राहिले. मास्तरांचं झाड गोल, गुळगुळीत आणि हिरवं होतं. एक तुरा नाही. फूल नाही म्हणजे ऑगस्टात फळ नाही, हे कळायला व्यवस्थापक व्हावं लागत नाही.

मास्तरांनी शेवटी आब्लाला फोन केला आणि हवापाण्याविषयी न बोलता खरं सांगून टाकलं.

आब्लानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू त्याला फार लाडावलंयस. धमकावलंयस का कधी?"

"झाडाला?"

"मग कुणाला? बाबांनी अक्रोडाला धमकावलं होतं ते विसरलास? हिद्रेल्लेझच्या सणाला, सकाळी कुऱ्हाड घेऊन जायचं. फळ देत नाहीस, तोडतो तुला, म्हणायचं. दुसऱ्या माणसानं मध्ये पडायचं. नको तोडू, पुढच्या वर्षी देईल, मी जामीन. जामीन घरातला नको, हं. घरातल्याचा जामीन झाड मानत नाही."

मास्तरांनी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्यांनी आब्लाला प्रकाशसंश्लेषण समजावून सांगायला तोंड उघडलं, मिटलं आणि विचारलं, "कुऱ्हाडीची धार लावायची की उलटी बाजू?"

मेमध्ये हिद्रेल्लेझच्या सकाळी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून कुऱ्हाड घेऊन खाली उतरले. जामिनाचा प्रश्न होता. पुरुष मंडळी समुद्रावर शेगड्या पेटवायला गेली होती. खाली एकटे कप्तान गाडी धूत होते. ज्याला झाड नको होतं त्यालाच झाडाचा जामीन राहा म्हणून सांगणं मास्तरांच्या जिवावर आलं. पण त्यांनी विचारलं. कप्तान एवढे हसले की त्यांच्या हातातली पाण्याची नळी स्वतःच्याच बुटात गेली.

"चला मास्तर! करू या. नाही तरी ऑगस्टात तोडायचंच आहे, तेवढीच रंगीत तालीम."

आता मास्तर हे शाळेच्या प्रत्येक नाटकाचे दिग्दर्शक होते, आणि अर्धवट नाटक त्यांना सहन होत नसे. त्यांनी कुऱ्हाड डोक्यावर उचलली आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला. "आठ वर्षं! आठ वर्षं पोसलं तुला! मासे घातले, चहा घातला! लाज नाही? तोडतो आज!" आणि कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं खोडावर हाणला एक. मग दुसरा. दुसऱ्या ठोक्याला त्यांचा आवाज खरोखरच चिरकला. आठ वर्षांचं सगळं त्या आवाजात आलं, पायऱ्यांवरच्या हसण्यासकट.

कप्तान हसायचे थांबले. तिसरा ठोका बसायच्या आत ते गाडी सोडून धावत आले आणि ओल्या बुटांनिशी झाडाला मिठी मारून उभे राहिले. "नको, मास्तर! सोडा त्याला! पुढच्या वर्षी धरेल! मी जामीन! बहरी कप्तानाचा शब्द आहे!"

दोघेही धापा टाकत एकमेकांकडे बघत राहिले.

"माझ्या वडिलांनी असंच केलं होतं," कप्तान हळूच म्हणाले. "नासपतीला. मी पाच वर्षांचा होतो."

पहिल्या मजल्याच्या खिडकीत नेबाहत हानिम होत्या. गॅलरीत नाजियेवहिनी तोंडावर रुमालाचं टोक धरून होत्या. आणि चौथ्या मजल्यावर अंकाराहून आलेली नवी भाडेकरू मुलगी होती. तिनं बापजन्मात झाडाला धमकावताना कुणाला पाहिलं नव्हतं, आणि तिच्या हातात फोन होता.

दुपारपर्यंत कुऱ्हाडधारी म्हातारा सगळ्या किनाऱ्यानं पाहिला. खाली मजकूर होता की एका शूर वृद्धानं जिवावर उदार होऊन झाड वाचवलं. शूर वृद्ध म्हणजे कप्तान. मास्तरांचा फोन संध्याकाळपर्यंत वाजत राहिला. जुने विद्यार्थी, काही तर टक्कल पडलेले, रडवेल्या आवाजात विचारत होते, "मास्तर, तुम्ही? तुम्ही आम्हाला वृक्षदिनाचं गाणं शिकवलंत!" कप्तानांना मात्र बाजारात चहाचे पैसे कुणी देऊ दिले नाहीत. त्यांनी चार दिवस खुलासाही केला नाही. "विचारलं कुणी?" असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी नगरपालिकेच्या उद्यान खात्यातून ओर्चुन आला. वय तीस, काखेत फायलींचा गठ्ठा. फाटकातच मास्तरांना बघून त्यानं नकळत दोन्ही हातांची नखं पाहून घेतली. तिसरीत याच ओर्चुननं शाळेची काच फोडली होती. "ज्यानं फोडली त्यानं उभं राहावं, मी काही करणार नाही," असं मास्तर म्हणाले होते. ओर्चुन उभा राहिला होता. मास्तरांनी खरंच काही केलं नव्हतं, उलट सगळ्या वर्गाला त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

"मास्तर, तक्रार आली आहे म्हणून विचारतो. राग नका मानू. झाडावर वार केलात?"

"तीन. नाही, दोन. उलट्या बाजूनं."

"उद्देश?"

"घाबरवणं."

ओर्चुननं लिहिलं. "कुणाला?"

"झाडाला."

"घाबरलं का, हे फॉर्ममध्ये नाहीये," ओर्चुन पुटपुटला. "आणि हे कप्तानकाका?"

"मी जामीन," कप्तान छाती काढून म्हणाले.

"कुणाचे? मास्तरांचे?"

"छे! मास्तरांचा मी जामीन कशाला राहीन? झाडाचा."

ओर्चुननं लेखणी खाली ठेवली, कपाळ चोळलं आणि लेखणी पुन्हा उचलली. आणखी एक घोळ होता. नगरपालिकेच्या यादीत हे झाड नव्हतंच. तिथे ते 'कुंपण' होतं. समुद्ररस्त्यावर दुतर्फा पालिकेनं हेच लावलंय आणि कंबरेएवढं कापून ठेवलंय, म्हणून यादी करणाऱ्यानं सगळ्यांना एकाच रकान्यात टाकलं होतं. आता झाडावर कुऱ्हाड चालवली तर गुन्हा. कुंपणावर चालवली तर निगा. हे आधी झाड आहे की कुंपण, ते समिती ठरवणार. आणि समिती ठरवेपर्यंत तीन मीटरच्या आत कुणीही पातं न्यायचं नाही. झाडाला लाल-पांढरी फीत गुंडाळली गेली. 'हत्यारं' जप्त झाली. कुऱ्हाड तर झालीच, पण शेजारी भिंतीला टेकलेली जर्मन कात्रीसुद्धा ओर्चुननं खाली मान घालून उचलली.

"ती केस कापायची आहे रे!"

"पातं आहे, मास्तर," ओर्चुन म्हणाला. "पावती देतो."

ऑगस्टची सभा पायऱ्यांवर भरली तेव्हा नेबाहत हानिमनी चष्मा नीट केला. "फळ नाही. ठरावाप्रमाणे समितीचा निर्णय लागताच झाड काढायचं. हात वर करा."

सगळ्यांत आधी कप्तानांचा हात वर जाणार म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत होते. कप्तान बुटाकडे बघत होते.

"मला बोलायचंय," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"झाडाला. पुढच्या वर्षी धरेल म्हणून. तुम्ही खिडकीत होतात, हानिम."

"कप्तान, ते नाटक होतं."

"नाटक होतं तोवर मी हसत होतो. नंतर मी शब्द दिला. आणि मी दिलेला शब्द आजवर वाऱ्यानंसुद्धा फिरवला नाही. एक वर्ष द्या. गाडी मी मशिदीपलीकडे लावीन, चालत येईन, डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे." मग ते मास्तरांकडे वळून दातांत बोलले, "पण धरलं नाही ना मास्तर, तर तुमच्या झाडाआधी मी तुम्हालाच तोडेन."

नेबाहत हानिमनी उभ्या हयातीत कधी झाडाचा जामीन नोंदवला नव्हता. पण जामीन म्हटलं की त्यांच्या हाताला वळण होतं. त्यांनी लिहिलं, तारीख घातली, आणि कप्तानांची सही घेतली.

मग ऑक्टोबर आला, आणि मास्तरांचे हाल सुरू झाले. दुसऱ्या रविवारी ते सवयीनं पहाटे उठले, शिडी काढली, आणि कात्री नाही हे आठवून शिडीवर बसून राहिले. झाडाला आडव्यातिडव्या फांद्या फुटल्या होत्या. एक तर सरळ फाटकाकडे हात पसरून उभी होती. मास्तरांनी पालिकेत अर्ज दिला, 'फक्त कानामागचे' एवढंच कापू द्यावं म्हणून. उत्तर आलं, समितीची बैठक झाली, पण सदस्य पुरेसे नव्हते. जाणारे-येणारे थांबून म्हणत, "मास्तर, काय ही दशा?" मास्तर घरात येऊन पडदे ओढून घेत.

हिवाळाभर समिती जमली नाही. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नाजियेवहिनींनी गॅलरीतून हाक मारली, "अहो! अहो, बाहेर या आधी! मोजे राहू द्या!"

झाड पांढरं झालं होतं. पिंजारलेल्या प्रत्येक फांदीवर तुरे उभे होते, इतके की मधमाश्यांना एकमेकींत रांग लावावी लागत होती. मास्तर अनवाणी खाली गेले आणि फितीच्या बाहेर उभे राहून बघत राहिले. त्यांना हसू येत होतं आणि चष्मा पुसावा लागत होता.

तासाभरात अख्खी इमारत खाली आली आणि यशाची वाटणी सुरू झाली. दातांचे डॉक्टर म्हणाले, लोखंड. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, चोथा. मासळीवाला बाजार सोडून आला आणि म्हणाला, हामसी मुरायला वर्ष लागतंच. अंकाराची मुलगी म्हणाली, तिचा व्हिडिओ. कप्तान काहीच म्हणाले नाहीत. ते फक्त येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत होते. जुलैत फळं काळी होऊ लागली तशी त्यांनी झाडाखाली खुर्चीच टाकली आणि पक्ष्यांना हाकलायला बोटीवरचा भोंगा आणला. पक्षी दोन दिवसांत भोंग्याला सरावले. नेबाहत हानिम शेवटपर्यंत सरावल्या नाहीत.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी मिनीबसनं हाजेर आब्ला उतरली. झाडाखाली टेबल मांडलं होतं, चहा होता, मक्याची भाकरी होती, सगळे मजले होते. ओर्चुनही फाईल घेऊन आला होता. समितीची अखेर बैठक झाली होती. मास्तरांनी वाडगा आब्लासमोर ठेवला. 

आब्लानं एक फळ तोंडात टाकलं. बी तळहातावर घेतली. दुसरं टाकलं. कुणी हललं नाही, कप्तानांनी तर भोंगा घट्ट धरला होता. तिसरं फळ खाऊन आब्लानं डोक्यावरचा रुमाल सरळ केला.

"आईचंच," ती म्हणाली. "अजून एक दे."

मास्तरांना बोलता येईना. फळ तर त्यांनी खाल्लंच नव्हतं. त्यांनी आब्लाचा हात धरला, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा आब्लानं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढ्या लोकांसमोर. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर आब्लानं वर बघितलं. "पण एवढं भरभरून धरतंय, तर आठ वर्षं काय झालं होतं रे याला?"

"घाबरलं नव्हतं," कप्तान म्हणाले.

"मासे कमी पडले होते," मासळीवाला म्हणाला.

आब्ला फांदीवर बोट फिरवत होती. "हे फळ गेल्या सालच्या लाकडावर आलंय सगळं. आई म्हणायची, शरदात याला हात लावू नका, कळ्या आत झोपलेल्या असतात. कुणी कापत होतं का याला?"

मास्तरांच्या डोळ्यांसमोर आठ ऑक्टोबर उभे राहिले. शिडी, दोरी, कात्री. जमिनीवर पडलेल्या फांद्यांचे ढीग. आणि थांबून कौतुक करणारे लोक. ते लोक आत्ता भोवती होतेच, पण सगळे आपापल्या उपायात एवढे रमले होते की कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मास्तर गप्प बसले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. त्यांनी मान वर केली तर समोर ओर्चुन उभा होता, दोन्ही हात पुढे बांधून, तिसरीत उभा होता तसाच.

झिहनी मास्तर उठून उभे राहिले. सदरा खाली ओढून सरळ केला.

"मी," ते म्हणाले. "दरवर्षी मीच कापत होतो. वाटोळं दिसावं म्हणून. आठ वर्षांच्या कळ्या मी कापल्या. झाडाची काही चूक नव्हती."

मग टाळी वाजली, एकच. ती ओर्चुनची होती. मग कप्तानांची, मग नाजियेवहिनींची, मग सगळ्या इमारतीची. कप्तान टाळ्या वाजवता वाजवताच ओरडले, "म्हणजे माझी गाडी वर्षभर मशिदीपलीकडे उगाच?"

"उगाच कशाला?" आब्ला म्हणाली. "तू जामीन राहिलास म्हणून तर कात्री जप्त झाली."

हे कप्तानांना पटलं. आजतागायत ते हेच सांगतात.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी घरोघरी वाडगे पाठवले. चौदा वाडगे, आणि एक नगरपालिकेत. आपल्याकडे भरून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यामुळे आठवडाभर मास्तरांच्या दारात परतीच्या वाडग्यांची रांग लागली. हेझलनट आले, लोणचं आलं, अंकाराच्या मुलीकडून थोडा करपलेला केक आला. नेबाहत हानिमच्या वाडग्यात इतिवृत्ताची प्रत होती: 'झाड फळ देते.' त्यात व्याकरणाची चूक नव्हती, मास्तरांनी दोनदा पाहिलं. शेवटचा वाडगा घेऊन ओर्चुन आला. आत समितीचा निर्णय होता, की सदर वनस्पती झाड आहे. आणि निर्णयावर आडवी ठेवलेली, वाडग्यात न मावणारी जर्मन कात्री.

"रिकामं कसं आणायचं, मास्तर?" ओर्चुन म्हणाला. "कुऱ्हाड गाडीत आहे."

मास्तरांनी कात्री उचलली. पाती उघडून मिटून पाहिली. पालिकेत कुणीतरी तेल घातलं होतं. फाटकाकडे हात पसरलेल्या त्या फांदीकडे त्यांची नजर गेली, आणि ती तिकडे जरा जास्तच वेळ राहिली. मग ते खाली उतरले आणि कप्तानांच्या दारावर थाप मारली.

"कप्तान, तुम्ही झाडाचे जामीन. ही तुमच्याकडे ठेवा. मी मागायला आलो तरी द्यायची नाही."

"शब्द?"

"शब्द."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सात वाजता, मास्तरांनी कप्तानांच्या दाराची घंटा वाजवली.

"नाही देणार," आतून आवाज आला. दार उघडलंसुद्धा नाही.

मास्तर अंगणात आले. झाड पिंजारलेलं होतं, चारी बाजूंनी सुटलेलं, कुठल्याही वहीत न बसणारं. रस्त्यावरून जाणारा एक परका माणूस थांबला. "काका, कुंपण फार वाढलंय हो. कापत का नाही?"

मास्तरांची छाती दोन बोटं पुढे आली.

"कुंपण नाही ते," ते म्हणाले. "आईचं झाड आहे. जुलैत या, वाडगा घेऊन."